गागारिनच्या आधी अवकाशात



३० सप्टेंबर १९५९. बुधवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर अर्ध्या तासाची एक कृष्णधवल मालिका सुरू झाली. तिचं नाव ‘मेन इंटू स्पेस’. नायक हवाई दलातला एक कर्नल, एडवर्ड मॅकॉली. वर्षभर तो आणि त्याचे सहकारी दर आठवड्याला अवकाशात जात राहिले: चंद्रावर उतरले, अवकाशस्थानक उभारलं, मंगळाच्या वाटेला लागले. एकूण ३८ भाग झाले आणि मालिका संपली. आज अमेरिकेतही ती थोड्याच लोकांच्या स्मरणात आहे. तिच्यावर एक संपूर्ण व्याख्यान खर्च करावं असं तिच्यात काय होतं, ते पाहू.

आधी त्या दिवसाचं आकाश डोळ्यांपुढे आणायला हवं. तोवर एकही माणूस पृथ्वीबाहेर गेलेला नव्हता. गागारिनच्या उड्डाणाला दीड वर्ष बाकी होतं. नासा ही संस्था दुसऱ्या दिवशी एक वर्षाची होणार होती. मर्क्युरी योजनेसाठी निवडलेल्या सात वैमानिकांची नावं एप्रिलमध्ये जाहीर झाली होती, पण त्यांना घेऊन जाईल असा भरवशाचा अग्निबाण अजून हाती नव्हता. सोव्हिएत संघाचं लूना २ हे यान दोनच आठवड्यांपूर्वी चंद्रावर जाऊन आदळलं होतं, आणि चारच दिवसांनी निघणारं लूना ३ चंद्राच्या पाठीमागच्या बाजूचं पहिलं छायाचित्र पाठवणार होतं. आपल्याकडे त्याच सप्टेंबरच्या १५ तारखेला दिल्लीत दूरचित्रवाणीचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं. मुंबई केंद्राला मात्र २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला, आणि शेवटचं अपोलो यान चंद्रावर गेलं ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात. चांद्रमोहिमांचा बहुतेक सगळा काळ महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून अनुभवला. अमेरिकी प्रेक्षकाने चंद्रावर उतरणारा माणूस टीव्हीवर आधीच, १९५९ मध्येच पाहून ठेवला होता.

मालिकेची निर्मिती झिव्ह टेलिव्हिजन या कंपनीची. निर्माता लुईस रॅकमिल, आणि मॅकॉलीच्या भूमिकेत विल्यम लंडिगन. झिव्ह कंपनीला कामगिरीवरच्या माणसांच्या गोष्टी सांगण्याची हातोटी होती. महामार्गावरच्या पोलिसांची ‘हायवे पेट्रोल’ आणि पाणबुड्याची ‘सी हंट’ या तिच्याच मालिका. नवीन मालिकेसाठी तिने अमेरिकी संरक्षण खात्याचं आणि हवाई दलाच्या वैद्यकीय तज्ज्ञांचं सहकार्य मिळवलं. त्याआधीच्या दहा वर्षांत टीव्हीवरचा अवकाशवीर म्हणजे ‘कॅप्टन व्हिडिओ’ किंवा ‘स्पेस पेट्रोल’मधला, किरणांची पिस्तुलं चालवणारा, दूरच्या ग्रहांवरच्या दुष्टांना वठणीवर आणणारा मुलांचा लाडका वीर. मॅकॉलीकडे पिस्तूल नाही. त्याच्याकडे तपासण्यांची यादी आहे, प्राणवायूचा हिशेब आहे आणि घरी वाट पाहणारी बायको-मुलगा आहे.

या मालिकेचं सगळं बळ त्या यादीत आणि त्या हिशेबात आहे. अवकाश ही काम करण्याची जागा आहे, असं मानून लिहिलेली ही मालिका आहे. जिथे काम असतं तिथे बिघाड असतो, आणि बिघाड झाला की अडकलेल्या माणसाला सोडवून आणावं लागतं. एवढ्या साध्या गृहीतकावर वर्षभराच्या कथा उभ्या राहिल्या. दोन-चार भागांत परग्रहावरच्या जीवसृष्टीची शंका डोकावते, पण मालिकेचा भर कधी तिच्यावर नाही. खलनायकाची जागा इथे न उघडणाऱ्या झडपेने, संपत आलेल्या इंधनाने किंवा माणसाच्या थकलेल्या हृदयाने घेतलेली आहे.

पहिल्याच भागात चंद्राकडे निघालेल्या यानाचा तिसरा टप्पा नीट सुटत नाही आणि मॅकॉलीला यानाबाहेर पडावं लागतं. अवकाशस्थानकाच्या बांधणीवरच्या भागात जोडणी चालू असताना एक माणूस दोन सुट्या भागांमध्ये सापडतो, आणि त्याच्याजवळचा प्राणवायू संपत चाललेला असतो. परांचीवर चढलेल्या गवंड्याला जी जोखीम, तीच ही, फक्त खाली जमीन नाही. एका भागाचा विषय आहे अवकाशात इंधन भरणाऱ्या टाकीयानांचा. हे काम प्रत्यक्षात पहिल्यांदा जमलं १९७८ मध्ये, सोव्हिएत संघाच्या सॅल्यूत ६ स्थानकावर.

‘वॉटर टँक रेस्क्यू’ हा भाग तर अशा कथांचा नमुनाच. चंद्रावर एका अंतराळवीराचं हृदय दगा देतं. त्याला पृथ्वीवर आणायचं, तर उड्डाणाच्या वेळचा प्रवेगाचा दाब त्याला सोसवणारा नाही. उपाय असा की, त्याला पाण्याच्या टाकीत ठेवून आणायचं. पाण्यात बुडालेल्या शरीरावर दाब सगळ्या बाजूंनी सारखा वाटला जातो, म्हणून ते जास्त प्रवेग सोसू शकतं. लेखकाने ही कल्पना हवेतून आणलेली नव्हती. अमेरिकी नौदलाच्या जॉन्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत फ्लॅनगन ग्रे या संशोधकाने १९५८ मध्ये स्वतःला पाण्याने भरलेल्या धातूच्या कवचात बंद करून घेतलं होतं, आणि अपकेंद्री यंत्रावर गुरुत्वाच्या ३१ पट प्रवेग काही सेकंद सोसला होता. प्रयोगशाळेतली गोष्ट वर्षभरात घराघरातल्या पडद्यावर आली, आणि तीही एका माणसाच्या जिवाशी बांधून. विज्ञानकथेत विज्ञान कुठे असावं, याचं हे उत्तम उदाहरण आहे. ते संवादांतल्या माहितीत असून भागत नाही. पात्रांपुढचा पेच त्यातून निर्माण व्हावा लागतो आणि सुटकाही त्यातूनच व्हावी लागते. मराठीत डॉ. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेबद्दल हाच आग्रह धरला होता.

दृश्यांची कल्पना चेस्ली बॉनस्टेल या चित्रकाराची. जन्म १८८८चा, शिक्षण वास्तुरचनेचं. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीच्या दर्शनी भागावर त्याने काम केलं होतं, हॉलिवूडमध्ये चित्रपटांसाठी पार्श्वदृश्यं रंगवली होती. १९४४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याने शनी ग्रह त्याच्याच उपग्रहांवरून कसा दिसेल याची चित्रं छापली, आणि ती पाहून अमेरिकेतली एक पिढी आकाशाकडे वळली. १९५२ ते १९५४ या काळात ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात अग्निबाणतज्ज्ञ वेर्नहर फॉन ब्राऊन यांच्या अवकाशयोजनांची जी लेखमाला आली, तिची गाजलेली चित्रं बॉनस्टेलचीच. ‘मेन इंटू स्पेस’मधला चंद्र हा त्याचा चंद्र आहे: टोकदार सुळके, खोल दऱ्या, काळ्या आकाशावर कापून काढल्यासारख्या कडा.

खरा चंद्र तसा निघाला नाही. अपोलोच्या छायाचित्रांत दिसले ते गोलसर, झिजलेले डोंगर. चंद्रावर वारा-पाऊस नाही, तेव्हा डोंगर झिजणार नाहीत, हा तर्क चुकला होता. कोट्यवधी वर्षं पडत राहिलेल्या बारीक उल्कांनी आणि दिवस-रात्रीच्या तापमानातल्या प्रचंड फरकाने तिथलं सगळं घासून काढलं होतं. बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयात १९५७ मध्ये लावलेलं बॉनस्टेलचं चंद्रभूमीचं भव्य भित्तिचित्र १९७० मध्ये उतरवण्यात आलं. पण त्या चुकलेल्या चित्रांनीच माणसांना चंद्रावर जाण्याची ओढ लावली, आणि गेल्यावरच चूक कळली. कल्पनेने आपल्या वाट्याचं काम चोख केलं होतं.

चंद्राबाबतचे काही अंदाज मात्र नेमके लागले. ‘मूनक्वेक’ या भागाने चंद्रकंपाची कथा सांगितली. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या भूकंपमापकांनी १९७७ पर्यंत हजारो चंद्रकंप टिपले. ‘केव्ह्ज ऑफ द मून’ या भागात चंद्रावरच्या गुहांत पाण्याचा शोध घेतला जातो. अपोलोने आणलेल्या दगडांवरून पुढे चंद्र कोरडा ठणठणीत ठरला आणि तो समज अनेक वर्षं टिकला. तो मोडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान १वरून सुटलेलं छोटं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळलं, आणि त्याच चांद्रयानावर बसवलेल्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या रेणूंची खूण पटवली. ही बातमी सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षी जपानच्या कागुया यानाने काढलेल्या चित्रांत चंद्राच्या पृष्ठभागावरचं एक खोल विवर सापडलं. ते लाव्हारसाच्या भुयाराकडे जाणारं दार असावं, असं मानलं जातं. गुहा आणि पाणी या दोन्ही गोष्टी मालिकेने पन्नास वर्षं आधी एका कथेत आणल्या होत्या.

मालिकेचा मूळ दावा होता बिघाडाचा. प्रत्यक्ष इतिहासाने त्याला काय साक्ष दिली?

१८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव हा सोव्हिएत अंतराळवीर यानाबाहेर पडला. असं करणारा तो पहिला माणूस. बारा मिनिटं तो बाहेर होता. तेवढ्यात त्याचा पोशाख निर्वातात असा फुगला की परत दारातून आत शिरता येईना. त्याने पोशाखातली हवा थोडी थोडी सोडून दिली, आणि जिवावरचा धोका पत्करून आत शिरला. पुढच्या वर्षी जेमिनी ९ मोहिमेत यूजीन सर्नन बाहेर काम करायला गेला, तेव्हा घामाने आणि श्वासाने त्याच्या शिरस्त्राणाची काच धुरकटली आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १५०च्या वर गेले. काम अर्धवट टाकून त्याला परतावं लागलं. पाय रोवायला जागा नसेल तर साधा स्क्रू फिरवतानाही माणूसच उलटा फिरतो, हे तेव्हा कळलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये बझ ऑल्ड्रिनने ते काम नीट करून दाखवलं, कारण त्याने पाण्याखाली सराव केला होता आणि यानावर हाताला कठडे, पायाला खोबण्या बसवल्या होत्या. मॅकॉलीचे गडी पडद्यावर जे सहज करत, ते प्रत्यक्षात करायला माणसाला असं धडपडत शिकावं लागलं.

मग एप्रिल १९७०. पृथ्वीपासून सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटरवर अपोलो १३च्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. कारण पाहण्यासारखं आहे. ती टाकी कारखान्यात हाताळताना एकदा जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीवरून आपटली होती, त्यामुळे तळावरच्या चाचणीनंतर ती नीट रिकामी होईना. ती रिकामी करायला आतला तापक तासन्‌तास चालू ठेवला गेला. तापकाचे स्विच २८ व्होल्टचे होते आणि तळावरचा पुरवठा ६५ व्होल्टचा. स्विच वितळून चिकटले, तारांवरचं आवरण जळालं, आणि तसंच ते यान चंद्राकडे निघालं. पुढे यानातल्या तिघा अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्यासाठीच्या जोडयानाचा जीवनौकेसारखा आसरा घेतला. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे गोल तोंडाच्या यंत्रणेला जोडण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी कामाला आली. १७ एप्रिलला तिघंही सुखरूप परतले. ‘मेन इंटू स्पेस’च्या लेखकांना असा भाग सुचला असता, तर निर्मात्याने तो फार ताणलेला म्हणून कदाचित बाजूला ठेवला असता.

अगदी अलीकडचंही उदाहरण आहे. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्टारलायनर यानातून सुमारे आठ दिवसांसाठी अवकाशस्थानकावर गेले. यानातून हेलियम गळू लागला, काही प्रणोदक बंद पडले. शेवटी यान सप्टेंबरात रिकामंच परत आणलं गेलं आणि ते दोघं १८ मार्च २०२५ रोजी दुसऱ्या यानातून उतरले, २८६ दिवसांनी.

बचावाच्या याच विचाराने मालिकेला शीतयुद्धाच्याही पलीकडे नेलं. ‘मिशन टू मार्स’ या भागात अमेरिकी आणि सोव्हिएत यानं एकाच वेळी मंगळाकडे निघतात. सोव्हिएत यान संकटात सापडतं, तेव्हा मॅकॉली मंगळ सोडून त्यांच्या मदतीला जातो. संरक्षण खात्याच्या सहकार्याने बनलेल्या मालिकेत १९६० मध्ये हे दाखवलं गेलं, याचं महत्त्व कमी लेखू नये. १९६८ मध्ये अंतराळवीरांच्या सुटकेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जुलै १९७५ मध्ये अपोलो आणि सोयूझ ही यानं कक्षेत जोडली गेली. त्या सोयूझचा प्रमुख होता लिओनोव. दोन्ही देशांच्या अभियंत्यांनी त्या वेळी जोडणीचं असं साधन बनवलं, ज्यात दोन्ही बाजू सारख्याच होत्या, म्हणजे संकटात कोणतंही यान कोणत्याही यानाला धरू शकेल. मालिकेतल्या कथेला अभियंत्यांनी नकळत दिलेलं हे उत्तर होतं.

तरीही मालिका जिथे थिटी पडली ती जागा यंत्रांची नव्हती, माणसांची होती. तिचं अवकाश गणवेशातल्या पुरुषांचं आहे. याला त्या काळचा आधारही होता. अमेरिकी लष्कराने जून १९५९ मध्ये ‘होरायझन’ नावाचा अहवाल तयार केला होता, त्यात १९६६ अखेर चंद्रावर बारा सैनिकांचा तळ उभारण्याची योजना होती. पण अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अवकाशाचं काम नागरी संस्थेकडे सोपवून वेगळी दिशा ठरवली होती, आणि ती मालिकेच्या नजरेतून निसटली. एकट्या कर्नलच्या धैर्यावर तिची भिस्त. प्रत्यक्षात अपोलोसाठी सुमारे चार लाख माणसं राबली, आणि अपोलो १३च्या अंतराळवीरांचे प्राण वाचवणारे बहुतेक जण ह्यूस्टनच्या खोल्यांत खुर्चीवर बसलेले होते. अपोलो १चे तिघे तर अवकाशात पोचलेच नाहीत. २७ जानेवारी १९६७ रोजी तळावरच्या चाचणीत लागलेल्या आगीत ते गेले.

सर्वांत मोठी उणीव स्त्रियांची. डिसेंबर १९५९ मध्ये ‘फर्स्ट वूमन ऑन द मून’ हा भाग प्रसारित झाला. त्यातली रेन्झा हेल चंद्रावर जाते ती एका अंतराळवीराची पत्नी म्हणून, आणि तिथे तिची घुसमट होते. कथेतली घुसमट खरी आहे, पण लेखकांना ती मुक्कामाला नेता आली नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६० मध्ये, जेरी कॉब ही वैमानिक न्यू मेक्सिकोतल्या लव्हलेस दवाखान्यात मर्क्युरीच्या अंतराळवीरांना दिल्या गेलेल्या वैद्यकीय चाचण्या उत्तीर्ण झाली. पुढे आणखी बारा जणी झाल्या. पण नियम असा होता की अंतराळवीर जेट विमानांचा चाचणी वैमानिक हवा, आणि लष्करी चाचणी वैमानिकांच्या शाळेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. जुलै १९६२ मध्ये प्रतिनिधिगृहात सुनावणी झाली, नियम बदलला नाही. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अवकाशात गेली. अमेरिकेची सॅली राइड गेली १९८३ मध्ये. चंद्रावर आजवर बारा माणसं चालली, सगळे पुरुष.

मालिका एका वर्षातच का संपली? तिच्या प्रारंभानंतर दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, त्याच सीबीएसवर ‘द ट्वायलाइट झोन’ सुरू झाली. तिचा पहिला भागही अवकाशाचाच होता: चंद्रप्रवासाच्या तयारीसाठी एकांतात कोंडलेल्या वैमानिकाला एक ओसाड गाव भासू लागतं. ती मालिका माणसाच्या मनात शिरली आणि तिथे राहिली. मॅकॉलीचं मन प्रेक्षकाला फारसं कळलंच नाही. शिवाय मालिका बंद पडल्यावर सात महिन्यांत गागारिन वर गेला, आणि त्यानंतर प्रत्येक उड्डाणाची बातमी कथेहून अधिक रोमहर्षक होती.

हे सारं आज, इथे सांगण्याचं कारण गगनयान ही भारताची मानवी अवकाशयोजना आहे. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यासाठीच्या चार अंतराळवीरांची नावं थुंब्याला जाहीर झाली: प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. चौघेही हवाई दलाचे अधिकारी, चाचणी वैमानिक. मानवाआधी जायचं ठरलं ते ‘व्योममित्रा’ या स्त्रीरूपी यंत्रमानवाने. १९५९ची ती मालिका स्त्रियांच्या ज्या प्रश्नापाशी अडली, तो आपल्यापुढेही आहे, आणि तो उघडपणे विचारायला हवा.

त्याबरोबरच आपल्या कथालेखकांनी आणि मालिकाकारांनी या कामाच्या जवळ जायला हवं. सामग्री भरपूर आहे. यान उतरवणाऱ्या हवाईछत्र्यांची रचना आग्ऱ्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत झाली. अंतराळवीरांचं जेवण मैसूरच्या प्रयोगशाळेत तयार होतं. समुद्रात उतरलेलं यान कसं गाठायचं, याचा सराव नौदलाचे पाणबुडे कोचीत करतात. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याला या योजनेची पहिली मोठी उड्डाणचाचणी झाली, आणि ती होती संकटात माणसांना वाचवून बाहेर काढणाऱ्या यंत्रणेची. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने मोजणी थांबवली. अभियंत्यांनी दोष शोधला, दुरुस्त केला, आणि त्याच सकाळी दहा वाजता यान उडालं, बंगालच्या उपसागरात उतरलं, नौदलाने ते बाहेर काढलं. थांबलेली मोजणी आणि दहाचं उड्डाण यांच्यामधल्या सव्वा तासात नियंत्रणकक्षात कोणी काय पाहिलं, कोणी कोणता निर्णय घेतला आणि तो घेताना त्यांच्या मनात काय चाललं होतं, हा एका भागाचा ऐवज आहे. ज्यांनी तो अनुभवला ती माणसं आज कामावर आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसणारे लेखक मराठीत निघावेत, आणि त्या कथेत निर्णय घेणाऱ्या स्त्रियाही असाव्यात, एवढी मागणी या व्यासपीठावरून करून हे व्याख्यान पुरं होतं.